जस्ताचा ताप आणि भट्टीचा धूर

आज आपण ज्या तापाबद्दल बोलणार आहोत तो मलेरियाचा नाही, डेंग्यूचा नाही आणि टायफॉइडचाही नाही. दिवसभर माणूस ठणठणीत असतो. संध्याकाळी दुकान बंद करून घरी येतो आणि जेवताना म्हणतो, तोंडाला कसली तरी लोखंडी चव येतेय, कितीही पाणी प्यायलं तरी घसा कोरडाच राहतोय. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला हुडहुडी भरते. दोन गोधड्या घातल्या तरी थंडी जात नाही. अंग ठेचल्यासारखं दुखतं, डोकं ठणकतं, छाती जड होते, सुका खोकला लागतो. पहाटे घाम फुटतो आणि ताप उतरतो. दुसरा दिवस गळाठ्यात जातो, तिसऱ्या दिवशी माणूस पुन्हा कामावर. घरात कुणी म्हणतं वारं लागलं, कुणी म्हणतं नजर लागली. रक्त तपासलं तर मलेरिया निघत नाही.

अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा. आज दुकानात कसलं काम होतं? आणि उत्तर आलं की जीआय पाइपचं, गोठ्याच्या शेडचं, मांडवाच्या पाइपांचं, तर बहुतेक कोडं सुटलं. याला डॉक्टर धातूच्या धुराचा ताप म्हणतात. पितळ ओतणाऱ्या कारागिरांमध्ये तो फार जुन्या काळापासून माहीत आहे, कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खरा गुन्हेगार जस्त.

आता हे कसं होतं ते समजून घेऊ, कारण एकदा कारण कळलं की उपाय पाठ करावे लागत नाहीत. जीआय पाइप किंवा जीआय पत्रा म्हणजे लोखंडावर जस्ताचा पातळ मुलामा. गंज लागू नये म्हणून तो दिलेला असतो. लोखंड वितळायला 1500 अंशांच्या आसपास उष्णता लागते. जस्त मात्र 907 अंशांनाच उकळून त्याची वाफ होते. म्हणजे लोखंड पातळ होऊन सांधा बसायच्या आधीच वरचं जस्त उकळून हवेत गेलेलं असतं. हवेत आल्याबरोबर ती वाफ प्राणवायूशी मिळते आणि तिची पांढरी, अतिशय बारीक भुकटी होते. जीआयचं वेल्डिंग चालू असताना जो दाट पांढरा धूर दिसतो आणि कधीकधी कापसाच्या तंतूंसारखं काहीतरी हवेत तरंगतं, ते हेच.

गंमत अशी की ही भुकटी आपल्या ओळखीची आहे. अंगाला खाज सुटली तर गुलाबी कॅलामाइन लोशन लावतो, त्यात ती असते. आयुर्वेदातलं यशद भस्म म्हणजेही मुख्यतः तीच. कातडीवर लावली तर औषध, आणि छातीत ओढून घेतली तर हुडहुडी. विष हे नुसत्या पदार्थात नसतं, तो शरीरात कुठल्या वाटेने आणि किती गेला यावरही असतं.

छातीत गेल्यावर काय होतं? झाडलोटीची धूळ नाकातल्या केसांत अडकते, शेंबडातून बाहेर येते. धुराचा कण मात्र एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला तर अंदाज येईल. एवढा बारीक कण नाकात, घशात कुठेच थांबत नाही, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतो. तिथे शरीराच्या पांढऱ्या पेशी त्याला शत्रू समजून धावून जातात आणि जंतू आल्यावर जो ताप त्या उठवतात तोच उठवतात. म्हणून हा ताप फ्लूसारखा दिसतो, पण आत जंतू कुणीच नसतो. धूर ओढल्यापासून चार ते दहा तासांनी तो चढतो, म्हणून तर दुपारच्या कामाचा आणि रात्रीच्या तापाचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. एक-दोन दिवसांत तो आपोआप जातो.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. रोज तेच काम केलं तर शरीर त्या धुराला तात्पुरतं सरावतं आणि ताप येत नाही. एक-दोन दिवस सुट्टी पडली की हा सराव मोडतो आणि पुन्हा काम सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी ताप. गोऱ्या लोकांच्या कारखान्यांत रविवारची सुट्टी असायची, म्हणून तिकडे याला सोमवारचा ताप असं नाव पडलं. आपल्याकडे दुकान बाजाराच्या दिवशी बंद राहत असेल तर हा ताप त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. जुने कारागीर सांगतात, "आम्हाला काही होत नाही, सवय झालीय." सवय तापाची होते. फुप्फुसात जे साठत जातं त्याची सवय होत नसते.

दुधाबद्दल आणि गुळाबद्दल प्रत्येक बैठकीत विचारलं जातं, म्हणून इथेच बोलून टाकू. जीआयचं काम केलं की ग्लासभर दूध प्यायचं, धुळीचं काम केलं की गुळाचा खडा खायचा, ही पद्धत मोठ्या कारखान्यांपासून गावच्या दुकानापर्यंत सगळीकडे आहे. दूध आणि गूळ जातात पोटात. धूर असतो छातीत. या दोन वेगळ्या खोल्या आहेत. गुळाने घसा ओला होतो, दुधाने कोरड कमी वाटते, पोटाला आधार मिळतो. घ्या, जरूर घ्या. पण दूध प्यायलं म्हणजे धूर धुऊन निघाला असं समजून मास्क बाजूला ठेवायचा असेल, तर ते दूध घरच्या पोरांना दिलेलं बरं.

जस्ताचा ताप येतो आणि जातो. ज्यांचा ताप येत नाही ते धातू जास्त वाईट, असं आमचं मत झालं आहे, कारण ते काही सांगतच नाहीत. सगळ्यात नेहमीचा मँगनीज. तो पोलादात असतो आणि वेल्डिंगच्या रॉडमध्येही असतो, त्यामुळे साधं गेट किंवा ग्रिल जोडतानाही थोडाफार हवेत येतोच. बंद जागेत वर्षानुवर्षं तो ओढला तर मेंदूला इजा होते. हात थरथरतो, चाल अडखळते, चेहरा निर्विकार होतो, बोलणं हळू होतं, चिडचिड आणि विसराळूपणा वाढतो. म्हातारपणी होणाऱ्या कंपवातासारखंच हे दिसतं. आपल्या भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत, म्हणून हे नाव तिकडच्या मैत्रिणींच्या कानावर असेल. या विषबाधेची नोंद 1837 सालीच स्कॉटलंडमधल्या एका डॉक्टरने केली होती, आणि आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यात जे आजार झाले तर सरकारला कळवायलाच हवेत अशी यादी होती, तिच्यातही मँगनीजचं नाव होतं. यादी कारखान्यांसाठी. आपल्या चौकातल्या दोन माणसांच्या दुकानात कोण कुणाला कळवणार? तिथे लक्ष ठेवणारी घरचीच माणसं. हाताला कापरं भरतंय, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतोय, हे पहिल्यांदा बायकोच्या किंवा आईच्याच लक्षात येतं.

स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगचं काम हल्ली गावोगावी निघालं आहे. दिसायला ते स्वच्छ, धूरही कमी दिसतो. पण स्टेनलेसमध्ये क्रोमियम आणि निकेल असतात, आणि क्रोमियमचा जो प्रकार वेल्डिंगच्या उष्णतेत तयार होतो तो कर्करोग करणारा आहे. दम्यासारखा त्रासही त्याने सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली सगळ्याच वेल्डिंगच्या धुराला माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात घातलं. म्हणजे विडी-सिगारेट ज्या गटात आहे त्याच गटात. याचा अर्थ दोघांचा धोका सारखाच मोठा आहे असा नाही, पुरावा तेवढाच पक्का आहे असा आहे. आणि विडी ओढत वेल्डिंग करणाऱ्याला दोन्हीकडून.

कॅडमियमचं नाव ऐकलं नसेल, पण केडीएमचं सोनं सगळ्यांना माहीत आहे. केडीएम म्हणजे कॅडमियमच. सोन्याचे सांधे जोडताना त्यात कॅडमियम घातलं की सोन्याचा कस कमी न करता सांधा लवकर बसायचा. पण त्याची वाफ सोनाराच्या छातीत जायची. या त्रासापायीच ती पद्धत मागे पडली. काही चांदीच्या झाळकाड्यांमध्ये आणि मुलामा दिलेल्या पिवळसर नट-बोल्टांवर कॅडमियम अजून सापडतं. याची सुरुवात अगदी जस्ताच्या तापासारखी होते, आणि धोका तिथेच आहे. जस्ताचा ताप दुसऱ्या दिवशी उतरतो. कॅडमियममध्ये दुसऱ्या दिवशी धाप वाढत जाते, फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस दगावू शकतो. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. धुराचा ताप आला आणि चोवीस तासांनी बरं वाटायच्या ऐवजी दम लागायला लागला, ओठ निळे पडले, छाती आवळल्यासारखी झाली किंवा खोकल्यातून फेस आला, तर घरी वाट बघायची नाही. 108 ला फोन करून दवाखान्यात न्यायचं आणि तिथे सांगायचं की काल धातूचा धूर अंगावर घेतलाय.

शिसं जुन्या रंगात असतं. जुनं गेट दुरुस्तीला आलं, त्यावर रंगाचे चार थर आहेत आणि थेट रॉड लावला, की रंग जळतो. या धुराने पोटात कळा, रक्त कमी होणं असे त्रास होतात, पण सगळ्यात जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचं आणि पोटातल्या बाळाचं होतं. दुकान घराच्या ओट्यावर आणि झोळी आतल्या खोलीत, असं आपल्याकडे किती ठिकाणी असतं ते सांगायला नको.

आतापर्यंत वेल्डिंगचंच बोललो, पण लोहाराच्या भट्टीला विसरून चालणार नाही, कारण तिथे तर बायकांचाच हात लागतो. घिसाडी समाजाच्या मैत्रिणी रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसतात तेव्हा नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि घण उचलून मारते ती बाई. भाताही तिच्याचकडे, किंवा एखाद्या मुलीकडे. पेरणीच्या आधी फाळ आणि पासा पाजवायला, सुगीला विळे-कोयते करून घ्यायला आपण त्यांच्याकडेच जातो. भट्टीत वेल्डिंगएवढी उष्णता नसते, म्हणून नुसतं लोखंड तापवून ठोकताना धातूचा धूर फार होत नाही. तिथला पहिला धोका कोळशाचा. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, एवढ्याच त्याच्या खुणा. उघड्यावर तो उडून जातो. पण पावसाळ्यात भट्टी पत्र्याच्या खोपटात घेतली, तिन्ही बाजूंनी ताडपत्री लावली, की तो आत कोंडतो. गरोदर बाईने तर अशा कोंडलेल्या जागेत भात्याजवळ बसूच नये, कारण बाळाच्या वाट्याचा प्राणवायू कमी होतो.

दुसरा धोका भंगाराचा. ट्रकच्या कमानीचा पाटा हा कोयत्यासाठी उत्तम, त्यावर मुलामा नसतो. पण जीआय पाइपचा तुकडा, मोटरसायकलचा चकचकीत दांडा, रंगवलेलं काहीही भट्टीत टाकलं की त्यावरचं जस्त, क्रोमियम, शिसं सगळं हवेत. निखाऱ्यावर हिरवट-निळसर ज्वाळा आणि पांढरा धूर दिसला तर ते जस्त आहे. तुकडा सांडशीने बाहेर काढायचा, वाऱ्याच्या बाजूला व्हायचं आणि तो थंड होऊ द्यायचा. कल्हई करणाऱ्यांकडे नवसागराचा धूर असतो, तोही डोळ्याला आणि घशाला झोंबतो, पण ती कामं आता उघड्यावर आणि थोडा वेळच चालतात.

आता उपाय. मास्कची गोष्ट शेवटी करू, कारण मास्क हा शेवटचाच उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे मुलामा काढणं. जिथे सांधा करायचा त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन बोटं जस्त किंवा रंग ग्राइंडरने घासून काढायचा, खालचं लोखंड दिसेपर्यंत. घासतानाही धूळ उडते, तेव्हा मास्क हवाच. गिऱ्हाईक घाई करतं, मान्य आहे. एका गेटला यात थोडा वेळ जादा जातो, तो भावात धरायचा. ग्रीस काढायला काही ठिकाणी क्लोरीनचं तीव्र द्रावण वापरतात. ते पुसून, पूर्ण वाळवूनच काम सुरू करावं, कारण आर्कच्या उजेडात आणि उष्णतेत त्याच्या वाफेचा फार विषारी वायू होतो.

दुसरा उपाय वाऱ्याचा, आणि तो फुकट आहे. डोकं धुराच्या लोटात घालून वाकायचं नाही. वारा पाठीमागून आला तर बरं असं वाटतं, पण पाठीमागचा वारा अंगाला वळसा घालून धूर छातीसमोरच फिरवत ठेवतो. वारा किंवा पंखा बाजूने हवा, म्हणजे धूर एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे निघून जातो. आणि तो ज्या बाजूला जाणार त्या बाजूला भाकरी थापणारी बाई किंवा खेळणारं पोर नको. दुकानात कायमची सोय करायची तर धूर जिथे निघतो तिथूनच ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि पाइप लागतो. भट्टीवर पत्र्याचं नसराळं आणि छपराच्या वर जाणारं धुराडं. चुलीवर धुराडं बसवलं तेव्हा घरात जो फरक पडला, तोच इथे पडतो.

उन्हाळ्यात पाण्याचे टँकर दुरुस्तीला येतात आणि पोरगं आत उतरून गळती बंद करतं. हे काम फार धोक्याचं. आत धूर कोंडतो, आणि आर्गन किंवा कार्बन डायऑक्साइड वापरलं तर ते हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठून प्राणवायूला हाकलतं. झाकणं उघडी ठेवून पाइपने बाहेरची हवा आत सोडायची, बाहेर एक माणूस नजर ठेवून उभा हवा, आणि आतला माणूस पडला तर बाहेरच्याने तसंच आत उडी मारायची नाही. हवा हवी म्हणून आत ऑक्सिजनचा नळा सोडणारे महाभाग आहेत. त्याने कपडे एका ठिणगीत पेटतात.

आता मास्क. वेल्डिंगची काच आणि टोप डोळे-चेहरा वाचवतात, धूर खालून येतोच. तोंडाला बांधलेला रुमाल, ओढणी, करोनातला निळा पातळ मास्क, यातून हे कण चाळणीतून पीठ जावं तसे जातात. एन-95 किंवा एफएफपी-2 लागतो. त्यावर आयएस 9473 असा भारतीय मानकाचा क्रमांक बघा, डोक्याला दोन पट्टे असलेला घ्या, कानाला अडकवायचा नको. नाकाची पट्टी दाबून बसवायची. दाढी असेल तर फटीतून हवा शिरते. स्टेनलेसचं काम रोजचं असेल तर डब्यांचा, म्हणजे फिल्टर बदलता येणारा मास्क घ्यावा. एन-95 कण अडवतो, वायू अडवत नाही. कार्बन मोनॉक्साइडला तो काहीच करू शकत नाही, म्हणून भट्टीच्या कोंडलेल्या खोपटात त्याच्यावर विसंबू नका. किंमत म्हणाल तर एक चांगला एन-95 रॉडच्या एका पाकिटापेक्षा कमी पैशात येतो.

कामाचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका. ते घरात झटकू नका. हात-तोंड धुतल्याशिवाय पोराला उचलायचं नाही, हे घरच्या माणसाला सांगायला संकोच वाटत असेल तर आमच्या नावावर सांगा.

दवाखान्याबद्दल थोडं महत्त्वाचं. लोखंडाची भुकटी वर्षानुवर्षं फुप्फुसात साठली की एक्स-रेमध्ये ठिपके दिसतात आणि ते टीबीसारखे वाटू शकतात. तेव्हा एक्स-रेवरूनच घाबरू नका. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती करून घ्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी काम सांगा. कसलं वेल्डिंग, किती वर्षं, बंद जागेत की उघड्यावर, आदल्या दिवशी काय जोडलं. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरांनी 1700 सालीच लिहून ठेवलं आहे की रोग्याला त्याचा धंदा काय ते विचारावं. उलट बाजूही ध्यानात ठेवा. खरा टीबी असू शकतो, म्हणून "धूळ आहे, जाईल" म्हणून तपासणी टाळू नका. शिवाय वेल्डिंग करणाऱ्यांना न्यूमोनिया जास्त होतो आणि जास्त जोराचा होतो. ब्रिटनमध्ये त्यासाठी वेल्डरना न्यूमोनियाची लस घ्यायला सांगतात. आपल्या डॉक्टरांना याबद्दल विचारायला हरकत नाही.

शेवटची बाब पैशाची, म्हणजे आपल्या गटाची. वेल्डिंग मशीनसाठी कर्जाचा अर्ज आला की त्यात मशीन असतं, ग्राइंडर असतो, केबल असते. आमच्या गटांत आम्ही त्याच अर्जात आणखी दोन ओळी लिहून घेतो, धूर ओढणारा पंखा आणि वर्षभराचे मास्क. हप्त्यात पडणारा फरक अगदी थोडा असतो आणि मशीन घेतानाच तो घेतला नाही तर मग कधीच घेतला जात नाही. लोहारकाम करणाऱ्या कुटुंबांसाठी 2023 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजनाही आहे. तिच्यात अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिलं एक लाखापर्यंतचं कर्ज आहे. भट्टीला हाताच्या भात्याऐवजी पंख्याचा भाता आणि वर धुराडं करायचं असेल, तर ते अर्जाच्या वेळीच बोलून घ्या. नोंदणी गावाजवळच्या सेवा केंद्रात होते, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवा, आणि आधारला जोडलेला मोबाइल घरी विसरू नका, त्याच्यावरच नंबर येतो.